नोंद नसलेला हक्क

२०२५च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या मेट्रोचा एस्प्लनेड ते सियालदह हा उरलेला टप्पा सुरू झाला आणि हावडा मैदान ते सेक्टर पाच हा पूर्व-पश्चिम मार्ग अखंड झाला. या मार्गाची चर्चा प्रामुख्याने हुगळी नदीखालच्या बोगद्यामुळे झाली, आणि ते योग्यच होते. परंतु माझ्या पिढीच्या फुटबॉलप्रेमी कोलकातावासीयांना या मार्गाचा आणखी एक अर्थ जाणवला. एस्प्लनेडच्या स्थानकाबाहेर पडून थोडे चालले की ज्या मैदानांवर आम्ही फुटबॉल पाहायला शिकलो ती मैदाने लागतात आणि तेथूनच गाडीत बसले की काही मिनिटांत सॉल्ट लेक स्टेडियमचे स्थानक येते. आमच्या क्लबांचे जुने घर आणि नवे घर आता एकाच रेषेवर आले आहे. या प्रवासात माझ्या वयाची माणसे भेटतात, बोलणे सुरू होते आणि ते जवळजवळ नेहमीच आजच्या सामन्यावरून जुन्या मैदानाकडे वळते.

हे स्मरणरंजन म्हणून सोडून द्यावे, असे मलाही अनेक वर्षे वाटत होते. चौतीस-पस्तीस वर्षे शासकीय सेवेत घालविल्यानंतर आता माझे मत बदलले आहे. एखाद्या क्लबचे समर्थक आपल्या जुन्या मैदानाविषयी बोलतात तेव्हा ते एका हक्काविषयी बोलत असतात, आणि तो हक्क आपल्या कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसतो. सार्वजनिक जागा, क्रीडासंस्था आणि सामान्य नागरिक यांच्या संबंधांविषयीचा हा प्रश्न कोलकात्यापुरता मर्यादित नाही. म्हणूनच या स्तंभात तो मांडतो आहे.

कोलकात्याचे मैदान मुळात खेळासाठी निर्माण झालेच नव्हते. १७५६ मध्ये सिराज-उद-दौलाने जुना किल्ला जिंकून घेतला. पुढच्याच वर्षी प्लासीची लढाई झाली आणि १७५८ पासून ईस्ट इंडिया कंपनीने गोविंदपूरच्या जागी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. तेथील वस्ती हलविण्यात आली, भोवतीचे जंगल तोडण्यात आले. हेतू इतकाच की तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये. शहराच्या मध्यभागी आज जो विस्तीर्ण हिरवा पट्टा दिसतो, त्याचा उगम असा लष्करी गरजेत आहे. किल्ल्याचे अलीकडे विजय दुर्ग असे नामांतर झाले, तरी मैदानाची व्यवस्था लष्कराकडेच आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांची मैदाने याच पट्ट्यात आहेत. क्लबांच्या कार्यालयांना आजही ‘तंबू’ म्हणतात. इथे कोणी कायमचा नाही, सर्व जण परवानगीने बसलेले आहेत, ही जाणीव त्या एका शब्दात टिकून राहिली आहे.

मालकी नसलेल्या या जमिनीवर एका समाजाने आपला इतिहास घडविला. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. एक सोडून मोहन बागानचे सर्व खेळाडू अनवाणी खेळत होते. सामना कलकत्ता फुटबॉल क्लबच्या, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या मैदानावर झाला. साठ हजारांहून अधिक लोक जमले होते असे तत्कालीन अंदाज सांगतात. ज्यांना काहीही दिसत नव्हते त्यांना गोलांची वार्ता पतंग उडवून कळविण्यात आली. पुढे अनेक दशके मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कट्टर प्रतिस्पर्धी एकच मैदान वाटून घेत असत. १९६०च्या दशकात मोहन बागान तेथून उठून कलकत्ता फुटबॉल क्लबच्या मैदानावर गेला. ज्या भूमीवर साहेबांना हरविले तीच भूमी क्लबचे घर झाली. तिसरा क्लब मोहम्मेडन स्पोर्टिंग. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने कलकत्ता लीग जिंकली. ही लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब होता. मुंबईच्या वाचकांना हा क्लब परका नाही. १९४० मध्ये त्याने रोव्हर्स चषक जिंकला होता, आणि तिन्ही क्लबांच्या कूपरेजवरील लढतींच्या आठवणी सांगणारी माणसे मुंबईत आजही भेटतील.

माझे घराणे बारिसालचे. फाळणीनंतर आलेले. त्यामुळे आमच्या घरात ईस्ट बंगाल हा क्लब निवडण्याचा विषयच नव्हता, तो आडनावासारखा लाभलेला होता. काका डलहौसी चौकातील एका व्यापारी कचेरीत कारकून होते. १९७२च्या पावसाळ्यात त्यांनी मला पहिल्यांदा मैदानावर नेले. कचेरी सुटायच्या थोडे आधी, साहेबांची नजर चुकवून, कारकुनांचे जथे चालत निघत. लाकडी फळ्यांच्या गॅलरीत अंग चोरून बसावे लागे. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसत ते उंचवट्यावर उभे राहून, पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवून केलेल्या पेरिस्कोपमधून सामना पाहत. त्या वर्षांत आमचा क्लब लीग जिंकत होता, १९७० ते १९७५ सलग सहा वेळा. जिंकल्यावर घरी इलिश यायचा. मोहन बागान जिंकला की शेजारच्या ‘घोटी’ कुटुंबात कोळंबी शिजायची आणि तिचा वास मुद्दाम आमच्या खिडकीकडे सोडला जातो, अशी आईची खात्री होती.

निर्वासित कुटुंबांच्या दृष्टीने हे मैदान काय होते, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला पुढे उमगले. आमच्याकडे गाव उरले नव्हते, घर भाड्याचे होते, वसाहतीतील जमिनीचे पट्टे वर्षानुवर्षे लटकलेले होते. आठवड्यातून दोनदा जेथे आपली बोली मोठ्याने बोलता येत होती अशी एकच जागा होती, आणि तीही लष्कराची. काका म्हणत, “आपली जमीन तिकडे गेली, आपली गॅलरी इकडे आहे.”

अर्थात जुन्या मैदानाचे केवळ गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गर्दी मावत नसे, स्त्रिया जवळपास नसतच, आणि शब्दांवरून हातघाईवर येणे नित्याचे होते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल लीग सामन्यात दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षकांचा मृत्यू झाला. मी त्या वेळी महाविद्यालयात होतो. काका त्या संध्याकाळी फार उशिरा घरी आले, काही न बोलता हातपाय धुऊन निजले. त्यानंतर ते एकाही मोठ्या सामन्याला गेले नाहीत. तो दिवस आजही कोलकात्यात फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो, रक्तदान शिबिरे होतात. प्रशस्त, नियोजित स्टेडियमची गरज होती, यात शंका नाही. १९८४च्या जानेवारीत सॉल्ट लेकला ते उभे राहिले आणि हळूहळू मोठे सामने तेथे गेले.

नव्या जागेनेही आपल्या आठवणी निर्माण केल्या. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असे हरविले, बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि सुमारे एक लाख एकतीस हजार प्रेक्षकांनी ते पाहिले. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी स्टेडियमचे नूतनीकरण झाले. प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आली, क्षमता सत्तर हजारांच्याही खाली आली, सुरक्षितता वाढली. हे सर्व स्वागतार्ह आहे. म्हणून जुने चांगले की नवे, असा हा वाद नाही.

मग समर्थकांची खंत नेमकी कशाची आहे? जुनी मैदाने तर अजून जागेवर आहेत. तेथे सराव होतो, स्थानिक लीगचे काही सामनेही होतात. गेले ते दोन गोष्टींच्या रूपाने. पहिली म्हणजे रोजची जवळीक. कचेरीतून चालत जाऊन पाहता येणारा खेळ आता ठरवून, वेळ काढून, रात्री उशिरा परतण्याची तयारी ठेवून पाहण्याचा झाला. सामन्याची वेळ कारकुनाच्या दिनक्रमानुसार ठरत होती, ती आता दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकानुसार ठरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे सर्व बदल होताना समर्थकाला कोणी काही विचारले नाही, आणि विचारायला हवे असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते.

याचे परिणाम पुढे वारंवार दिसले. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल संघ एटीके या व्यावसायिक संघात विलीन झाला आणि १८८९ साली स्थापन झालेल्या क्लबच्या नावापुढे ती तीन अक्षरे लागली. समर्थकांनी तीन वर्षे विरोध केला. अखेर मार्च २०२३ मध्ये, गोव्यातील फातोर्डा येथे इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळाल्यावर लगेचच, ती अक्षरे काढण्याची घोषणा मालकांनी केली. २०२१ मध्ये ईस्ट बंगालच्या गुंतवणूकदाराशी होणाऱ्या कराराचा पेच निर्माण झाला तेव्हाही समर्थक क्लबच्या तंबूसमोर जमले आणि त्यांच्यावर लाठीमार झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर युवतीच्या हत्येनंतर शहर अस्वस्थ असताना ड्युरँड चषकातील मोठा सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आला, तेव्हा तिन्ही क्लबांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले. शंभर वर्षांचे वैर बाजूला ठेवून त्यांनी एकमेकांचे झेंडे खांद्यावर घेतले. नागरिक म्हणून आपले म्हणणे मांडायला त्यांना हीच जागा सुचली. मैदान हे नागरी जीवनाचे व्यासपीठ असते, हे त्या संध्याकाळी कोणालाही पटवून द्यावे लागले नाही.

आता माझ्या स्वतःच्या कारकिर्दीतील एक गोष्ट सांगणे भाग आहे. नव्वदच्या दशकात मी एका जिल्ह्याच्या मुख्यालयी नियुक्त होतो. गावाच्या मध्यभागी एक फुटबॉलचे मैदान होते. जमीन सरकारी. तेथे व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव आला आणि स्थळपाहणी माझ्याकडे सोपविण्यात आली. मी मे महिन्यात सकाळी अकरा वाजता गेलो. दोन शेळ्या आणि एक मोडका गोलखांब याखेरीज तेथे काही नव्हते. मी अभिप्राय लिहिला : ‘भूखंड रिकामा असून सध्या कोणत्याही उपयोगात नाही.’ वाक्य शब्दशः खरे होते. फुटबॉल पावसाळ्यात, दुपारी चारनंतर खेळतात, हे मला माझ्या काकांमुळे चांगले माहीत होते. तरीही ते मला त्या क्षणी आठवले नाही, किंवा मी ते आठवू दिले नाही.

काही दिवसांनी एक निवृत्त शिक्षक मला भेटायला आले. ते स्थानिक क्लबचे चिटणीस होते. त्यांनी बरोबर तीन वह्या आणल्या होत्या. त्यांत चार दशकांची वर्गणी, सामन्यांचे निकाल, कोणत्या वर्षी कोणी गोलखांबासाठी बांबू दिले, याच्या नोंदी होत्या. “साहेब, हा आमचा पुरावा,” ते म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि सौजन्याने समजावले की जमिनीच्या नोंदवहीत ताबा, मालकी, भाडेपट्टा यांचे रकाने आहेत, या वह्यांतील मजकूर लिहिण्यासाठी रकाना नाही. ते वाद न घालता उठले. संकुल झाले. पुढे एकदा त्या गावी जाणे झाले तेव्हा निम्मी दुकाने बंद होती आणि मुले गावाबाहेरच्या रस्त्याकडेला खेळत होती. नियमाप्रमाणे मी काहीही चुकीचे केले नव्हते. नेमके हेच मला आजवर खुपत आले आहे.

त्या दिवशी जो रकाना नव्हता, तो इतरत्र तयार होऊ शकतो, याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये क्लब बहुधा स्वतःच्या मैदानाचे मालक असत, त्यामुळे तेथे मैदान विकले जाण्याची भीती. आर्सेनलने २००६ मध्ये हायबरी सोडले, तेथे सदनिका झाल्या आणि खेळपट्टीच्या जागी रहिवाशांची बाग आली. वेस्ट हॅमने २०१६च्या मे महिन्यात अप्टन पार्कचा निरोप घेतला, तेथेही घरे उभी राहिली. विम्बल्डनचा क्लब तर २००३ मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात नेण्यात आला. त्याच्या समर्थकांनी आदल्या वर्षीच स्वतःचा नवा क्लब काढला होता, तळाच्या श्रेणीतून तो वर आणला आणि २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या जुन्या परिसरात, प्लाऊ लेनला, परत नेला. या अनुभवांतून तेथे कायदा घडला. २०११च्या कायद्याने स्थानिक लोकांना एखादी वास्तू समाजोपयोगी मालमत्ता म्हणून नोंदविण्याची सोय दिली, आणि अनेक समर्थक संघटनांनी आपली मैदाने तशी नोंदविली. २०२५च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला. आता वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना मैदान विकण्यासाठी, गहाण ठेवण्यासाठी किंवा अन्यत्र हलविण्यासाठी या नियामकाची मान्यता लागते, आणि क्लबच्या वारशाशी संबंधित बाबींत समर्थकांचे मत घेणे हे कर्तव्य ठरले आहे.

योगायोगाने त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, आपल्या संसदेनेही राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केले. क्रीडा महासंघांची रचना, खेळाडू आणि स्त्रिया यांना कार्यकारिणीत स्थान, राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडविण्यासाठी न्यायाधिकरण अशा त्यातील तरतुदी दीर्घकाळ प्रलंबित होत्या आणि त्यांचे मी स्वागत करतो. परंतु त्याचा सारा भर महासंघ, पदाधिकारी आणि खेळाडू यांच्यावर आहे. प्रेक्षक या चित्रात नाही. त्याच सुमारास इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम हक्ककराराच्या पेचामुळे स्थगित झाला, तेव्हा महासंघ, व्यावसायिक भागीदार, क्लब, खेळाडू आणि न्यायालय या सर्वांची बाजू चर्चेत होती. ज्यांच्यामुळे या सर्वांचा व्यवहार चालतो त्या समर्थकांना मात्र समाजमाध्यमांखेरीज म्हणणे मांडण्याची जागा नव्हती.

ही उणीव केवळ फुटबॉलची नाही. १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी उभारलेले दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून तेथे क्रीडानगरी वसविण्याचा प्रस्ताव २०२५च्या नोव्हेंबरमध्ये समोर आला. तो योग्य असेल वा नसेल. त्याविषयी कोणाला विचारावे, याची पद्धत मात्र आपल्याकडे ठरलेली नाही. जेसीटीने १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०११ मध्ये तो संघ बंद झाला. कूपरेजवर खेळणाऱ्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तोही बंद झाला. उद्योगसमूहांनी संघ चालविले हे त्यांचे श्रेय आहे, आणि ते चालवायचे की नाही हा त्यांचा अधिकारही आहे. तरीही फगवाडा आणि मुंबई येथील प्रेक्षकांच्या वाट्याला नुसती बातमी आली.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि मी स्वतः सेवेत असताना तोच घेतला असता. भावनेला कायद्यात स्थान दिले तर एकही प्रकल्प पुढे सरकणार नाही, गरीब देशाला जागेचा उपयोग करावाच लागतो. आक्षेप गंभीर आहे. परंतु मी नकाराधिकार मागत नाही. २००७ मध्ये पर्यावरणाच्या कारणास्तव न्यायालयाने पुस्तक मेळ्याला मैदानावर मज्जाव केला, तेव्हा वाचकांना दुःख झाले. मेळा त्या वर्षी सॉल्ट लेक स्टेडियमच्या आवारात भरला, पुढे त्याने नव्या जागा शोधल्या आणि तो टिकला. कारणे उघडपणे मांडली गेली, बाजू ऐकली गेली, म्हणून लोकांनी तो बदल स्वीकारला. लोक बदलाला विरोध करतात हे प्रशासनाचे आवडते गृहीतक आहे. माझा अनुभव असा की न विचारता झालेल्या बदलाला ते विरोध करतात.

म्हणून तीन साध्या सूचना. पहिली, सरकारी वा निमसरकारी जमिनीवरील ज्या मैदानाचा सलग पंचवीस वर्षे खेळासाठी उपयोग झाला आहे, त्याची तशी नोंद महसुली दप्तरात व्हावी, आणि त्यासाठी क्लबांच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, स्पर्धांची पत्रके हा पुरावा ग्राह्य धरावा. दुसरी, अशा मैदानाचा उपयोग बदलण्यापूर्वी वा एखाद्या जुन्या क्लबचे मैदान, नाव किंवा रंग बदलण्यापूर्वी जाहीर सुनावणी बंधनकारक असावी आणि निर्णयाची कारणे लेखी द्यावीत. नव्या क्रीडा कायद्याखालील नियमांत हे सहज बसविता येईल. तिसरी कोलकात्यापुरती. तिन्ही क्लबांनी, महासंघाने आणि लष्कराने मिळून दर हंगामात निदान काही महत्त्वाचे सामने मैदानावरच्या जुन्या जागी, दुपारच्या उजेडात, कमी दराच्या तिकिटांवर खेळवावेत. त्यासाठी नवे बांधकाम करावे लागणार नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या नातीला घेऊन मी सॉल्ट लेकला सामना पाहायला गेलो होतो. जाताना एस्प्लनेडला मुद्दाम उतरलो आणि तिला आमचे जुने मैदान बाहेरून दाखविले. तिने विचारले, “आजोबा, हे कोणाचे आहे?” मी तिला खरे ते सांगितले : जागा लष्कराची, तंबू क्लबचा. “मग आपले काय?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तीन वह्या घेऊन आलेल्या त्या शिक्षकांनाही मी ते देऊ शकलो नव्हतो. ते गृहस्थ आता हयात नसावेत. त्यांच्या वह्या जपून ठेवणारे कोणी असेल, तर त्या उघडून पाहण्याची सोय तरी आपल्या दप्तरात असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.